मे महिन्यात शाळेची चूल का विझते?

(युवक-युवती शिबिरात एप्रिल महिन्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय होता 'तंत्रज्ञान आणि मुस्लीम तरुण'. संयोजकांना विनंती करून मी तो बदलून घेतला. कोडिंग कसं शिकायचं हे माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे यूट्यूबवर हजारो आहेत. मला आज तुमच्याशी खिचडीबद्दल बोलायचं आहे.

जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतली खिचडी खाल्लेले किती जण आहेत इथे? हात वर करा. बघा, अर्ध्याहून जास्त आहेत. मी थोडा आधीचा. आमच्या वेळी शिजवलेलं मिळत नव्हतं. महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा, तोही ८० टक्के हजेरी असेल तरच. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला सांगितलं की कोरडं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने शाळेत बसून गरम खिचडी खाल्ली, आणि मी पिशवीतून तांदूळ घरी आणला. ही खिचडी कुणी खैरात म्हणून दिलेली नाही. ती आधी न्यायालयात आणि मग कायद्यात मिळवलेली आहे.

तो कायदा म्हणजे २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा. त्याच्या पाचव्या कलमात लिहिलंय की आठवीपर्यंतच्या किंवा सहा ते चौदा वयाच्या मुलांना सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमध्ये रोज एक वेळचं दुपारचं जेवण मोफत मिळेल. आणि त्याच वाक्यात पुढे एक छोटीशी पुस्ती आहे: शाळेच्या सुट्ट्या सोडून.

मी प्रोग्रॅमर माणूस. आमचं अर्धं आयुष्य असल्या 'इफ' आणि 'एक्सेप्ट'मध्ये जातं. सगळा प्रोग्रॅम नीट चालतो आणि एका ओळीतल्या अपवादापाशी अडतो. तर ही ओळ किती दिवस व्यापते ते मोजू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेचे कामाचे दिवस वर्षाला किमान २००, सहावी ते आठवीचे २२०. म्हणजे प्राथमिकच्या मुलाला वर्षातले १६५ दिवस कायद्याने जेवण नाही असं होऊ शकतं. त्यातले रविवार, सण, दिवाळी विखुरलेले असतात, ते घर कसंबसं पेलतं. पण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि विदर्भात त्याहून जास्त, सलग सहा आठवडे चूल बंद राहते.

कुणी म्हणेल, रेशन आहे ना? आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, आता मोफत. म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅमच्या आसपास धान्य, माणसाच्या सगळ्या जेवणांसाठी. आता शाळेचा हिशेब बघा. प्राथमिकच्या एका ताटात १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे. महिन्याला २४ दिवस धरले तर २ किलो ४०० ग्रॅम धान्य, जवळपास अर्धा किलो डाळ, सव्वा किलो भाजी. दोन मुलं शाळेत असतील तर याच्या दुप्पट. एप्रिलपर्यंत हे शाळा देत होती. मेमध्ये ते घराने कुठून तरी आणायचं, आणि रेशनचा कोटा मेमध्ये एक दाणाही वाढत नाही. डाळ तर त्या ५ किलोत नाहीच.

तरी धान्याची तूट हा सोपा भाग आहे. अवघड भाग म्हणजे शिजवणार कोण. आपल्या वस्त्या डोळ्यांसमोर आणा. मालेगाव-भिवंडीचा लूम, सोलापूरची विडी, पुण्या-मुंबईतली धुण्याभांड्याची कामं. आई सकाळी सातला बाहेर पडते. मग घरात राहते अकरा वर्षांची मुलगी आणि तिच्या मागची दोन भावंडं. सकाळचा चहा-टोस्ट झाला की दुपारी पाच रुपयांचा कुरकुऱ्याचा पुडा, तीनला परत चहात पाव. आई संध्याकाळी येऊन स्वयंपाक करते. उपाशी कुणी मरत नाही, म्हणून याची बातमी होत नाही.

आणि मुलगा असेल तर आणखी एक गोष्ट होते, ती तुम्हाला माझ्याइतकीच माहीत आहे. सातवीचा मुलगा मेमध्ये घरी नुसता बसलाय, म्हणून मामू त्याला गॅरेजवर नेतात. पैसे फारसे मिळत नाहीत, पण दुपारी उस्ताद वडापाव किंवा बिर्याणीची प्लेट देतो, दोनदा चहा देतो. घराला वाटतं, चला, एक वेळची सोय झाली, हुनरही शिकतोय. १५ जूनला शाळा उघडते तेव्हा तो जातो. पहिल्या आठवड्यात दोन दिवस जातो, दुसऱ्यात एक. दिवाळीनंतर पटावर नाव असतं, मुलगा नसतो. आपल्या मुलांच्या गळतीवर परिसंवाद होतात, त्यात माध्यम, गरिबी, पालकांची अनास्था, सगळं येतं. मे महिन्यातलं जेवण कुणी काढत नाही. मला वाटतं शाळा आणि मुलगा यांच्यातला धागा ज्या दिवशी सैल होतो, तो दिवस बऱ्याचदा मेमधला असतो.

आता सरकारला हे समजत नाही का? समजतं. तीनदा समजलेलं आहे.

पहिल्यांदा २००४. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शाळेत जेवण द्या. दुसऱ्यांदा २०१६. स्वराज अभियानच्या याचिकेत महाराष्ट्रासह बारा राज्यांचा दुष्काळ न्यायालयासमोर होता. तिथे पुन्हा तोच आदेश झाला, वर आठवड्यातून पाच दिवस, निदान तीन दिवस, अंडं किंवा दूध किंवा तसलं काही पौष्टिक द्या असंही सांगितलं. निकालाची तारीख मात्र १३ मे. म्हणजे कागद मंत्रालयातून तहसील आणि तहसिलातून शाळेत पोहोचेपर्यंत सुट्टी किती उरली असेल ते तुम्हीच बघा. तिसऱ्यांदा २०२०. कोविडमध्ये शाळा बंद, हातावरचं काम बंद, तेव्हा केंद्राने सुट्टीच्या काळातलाही शालेय आहार मंजूर केला आणि त्यासाठी सुमारे १६०० कोटी रुपयांचा जादा खर्च धरला. योजनेत तेव्हा साडेअकरा कोटींच्या आसपास मुलं होती. भागाकार करा. एका मुलामागे दीडशे रुपयांच्या आत.

हा आकडा मी मुद्दाम सांगतोय, कारण 'पैसा कुठून आणायचा' हा प्रश्न पहिला येतो. देशाने एकदा तो हिशेब करून पैसा काढलेला आहे. अपवादाची ती ओळ दगडावर कोरलेली नाही, संकट आलं की ती बाजूला ठेवता येते. वाद एवढाच उरतो की संकट कशाला म्हणायचं. पाऊस पडला नाही तर संकट. विषाणू आला तर संकट. आणि आई सातला कामाला जाते, घरी डाळ नाही, हे दर मेमध्ये होतं, म्हणून ते संकट नाही.

मी दीड वर्ष कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होतो. तिथे जूनमध्ये एका सार्वजनिक वाचनालयाच्या दारात पाटी पाहिली: १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना दुपारचं जेवण मोफत. आत गेलो, विचारलं, फॉर्म कुठे भरायचा? त्या बाई हसल्या. फॉर्म नाही, ओळखपत्र नाही, मूल आलं की ताट. नंतर वाचलं. केंद्र सरकारचा हा कार्यक्रम १९७५ पासून स्वतंत्र कार्यक्रम म्हणून चालतो. नियम असा की ज्या भागातली निम्मी किंवा जास्त मुलं शाळेत मोफत अथवा सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत, तिथे केंद्र उघडायचं आणि मग तिथे येणाऱ्या कुठल्याही मुलाला जेवू घालायचं. गरिबी मुलाची तपासायची नाही, भागाची तपासायची. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. डॉक्टरचा मुलगा येऊन जेवला तर एक सँडविच गेलं. पण रांगेत बसणारं मूल म्हणजे गरिबाचं मूल, असा शिक्का कुणावर बसत नाही.

अमेरिकेचं कौतुक इथेच थांबवतो, कारण तिथेही भोकं आहेत. जेवण केंद्रावर बसूनच खायचं अशी अट होती. खेड्यातलं मूल वीस मैलांवरच्या केंद्रावर येणार कसं? शाळेत मोफत जेवणाऱ्या मुलांपैकी थोडीच मुलं उन्हाळ्यात केंद्रापर्यंत पोहोचतात. मग २०२२ च्या शेवटी कायदा बदलला. ग्रामीण भागात डबा घरी न्यायला परवानगी मिळाली, आणि २०२४ पासून पात्र मुलामागे उन्हाळ्यासाठी १२० डॉलर कार्डावर जमा करायची योजना आली. काही राज्यांनी ती घेतलीच नाही. तिथेही राजकारण आहेच.

अमेरिकेतलीच आणखी एक गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. दलित पँथर हे नाव ज्यांच्यावरून घेतलं, त्या ब्लॅक पँथर पक्षाने जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांसाठी मोफत नाश्ता सुरू केला. काही महिन्यांत तो शहराशहरांत पसरला. गंमत बघा, बंदुकीपेक्षा या नाश्त्याची तिथल्या गुप्तचर प्रमुखाला जास्त धास्ती वाटली. सरकारचा शालेय नाश्ता तेव्हा छोट्या प्रमाणावर चालू होता, तो १९७५ मध्ये कायम झाला. तो फक्त पँथरमुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण एका उपेक्षित समाजाने स्वतःच्या वस्तीत ताटं मांडली आणि त्यामुळे सरकारने किती मुलं उपाशी ठेवली होती ते सगळ्यांना दिसलं, एवढं नक्की.

आता आपल्या घरात येऊ. आपण जेवू घालण्यात कमी नाही. रमजानमध्ये मशिदीत इफ्तार, गल्लीत इफ्तार, पुढाऱ्याची इफ्तार. फक्त कॅलेंडर बघा. चांद्र वर्षामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१७ ते २०१९ या वर्षांत तो मेमध्ये होता. त्या वर्षी शाळेची चूल बंद आणि मोहल्ल्याची चालू, असा योग आपोआप जुळला होता. कुणी ठरवलेला नव्हता. यंदा रमजान फेब्रुवारीत सुरू झाला आणि मार्चमध्ये ईद झाली. म्हणजे शाळेत खिचडी मिळत होती तेव्हाच आपल्याकडेही रेलचेल होती. पुढची पंचवीसेक वर्षं रमजान पुन्हा मेमध्ये यायचा नाही. यंदा आणि पुढची दोन वर्षं बकरी ईद मात्र मेमध्ये आहे. तीन दिवस घरोघरी गोश्त असेल. चौथ्या दिवशी काय?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सात मित्रांनी आमच्या तालुक्याच्या गावी दुपारचं जेवण चालवलं. चंदा मागायला एका चाचांकडे गेलो. चाचा म्हणाले, "रमजान में बोलना था ना बेटा, अब तो सब बाँट दिया." त्यांचं खरं होतं. आपल्या दानाची सगळी गाडी एका महिन्यात धावते. जकात रमजानमध्येच काढली पाहिजे असा दंडक नाही, मालमत्तेला वर्ष पूर्ण झालं की ती निघते. पण जकात कुणाला द्यावी याचे नियम आहेत आणि आमच्या पंगतीला सगळ्या जातिधर्मांची मुलं येणार होती. म्हणून आम्ही जकातीला हात लावला नाही. सदका आणि साधी वर्गणी, यावरच चालवलं. तुम्हीही तसंच करा, नाहीतर पहिला आठवडा वादातच जाईल.

पहिल्या दिवशी २३ मुलं आली. दहाव्या दिवसापर्यंत सत्तरच्या पुढे गेली. शेजारच्या भीमनगरातली आली, पुलाखालच्या पालावरची आली. स्वयंपाकाला आम्ही भटारी लावला नाही, शाळेतल्याच खालांना आणि ताईंना विचारलं. का ते सांगतो. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला मानधन वर्षातले दहा महिनेच मिळतं. सुट्टीत शाळेची चूल विझते तेव्हा तिच्या घरचं उत्पन्नही थांबतं, आणि तिची स्वतःची मुलं बहुधा त्याच शाळेत असतात. सत्तर मुलांना रोज वेळेवर, मोजून, न करपवता जेवण देणं हे तिला आपल्या कुणाहूनही चांगलं जमतं. आमच्या खालांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "एक वाजता नको, अकराला वाढा. उन्हात भात टिकत नाही आणि पोरं पण टिकत नाहीत." आम्ही अकराला वाढायला लागलो.

काय वाढायचं यावर रात्रभर चर्चा झाली. एक मित्र म्हणाला, शुक्रवारी तरी बिर्याणी हवी. मी विरोध केला. सगळ्या वस्त्यांतली मुलं यावीत असं वाटत असेल तर पातेल्यात काय आहे याबद्दल कुठल्याच आईच्या मनात शंका नको. डाळ-भात, मटकीची उसळ, खिचडी, शेंगदाण्याचा लाडू. अंडं उकडून वेगळ्या टोपलीत, ज्याला हवं त्याने घ्यावं. टोपली रोज रिकामी व्हायची. सरकारने २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायला सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला, लोकवर्गणीतून द्या म्हणाले. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी ती रिकामी टोपली एकदा बघायला हवी होती.

फोटोचं सांगून ठेवतो. ताट हातात घेतलेल्या मुलाचा फोटो काढायचा नाही, स्टेटसला नाही, रीलला तर नाहीच. एका भाऊंनी दोन पोती तांदूळ आणि सोबत स्वतःच्या फोटोचं बॅनर पाठवलं. तांदूळ ठेवला, बॅनर परत केलं. भाऊ नाराज झाले. हरकत नाही.

आता खर्च. २ मे ते १४ जून, रविवार वगळून साधारण ३७ दिवस. साठ मुलं धरा, ताटाला ३० रुपये धरा. ६६ हजार ६०० रुपये, अधिक स्वयंपाकाचं मानधन. एका लग्नाच्या दावतीत याहून जास्त उरतं आणि फेकलं जातं. सरकार पहिली ते पाचवीच्या ताटाला धान्य सोडून साहित्यासाठी ६ रुपये ७८ पैसे धरतं, सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. मोफत धान्य, सरकारी गॅस, तयार भांडी त्यांच्याकडे आहेत, म्हणून त्यांचं ताट आपल्याहून कितीतरी स्वस्त पडतं. इथेच माझा मुख्य आग्रह येतो. आपण किती गावांत चूल पेटवणार? दहा? पन्नास? शाळा मात्र प्रत्येक गावात आहे, तिच्यात स्वयंपाकघर आहे, शिजवणारी बाई आहे. आपल्या चुलीचा उपयोग सरकारची चूल पेटवायला व्हायला हवा. पुण्य कमावून जूनमध्ये घरी बसायचं असेल तर ते वेगळं काम झालं.

त्यासाठी मोजमाप ठेवायचं. मुलांची नावं-जाती नकोत, नुसता रोजचा आकडा, तारीख, अंदाजे वयोगट, कुठल्या शाळेचं मूल. मी एक साधी एक्सेल फाइल केली आहे, मोबाईलवर चालते. सुट्टीत मुलं येतच नाहीत, ती मामाच्या गावाला जातात, हे उत्तर शिक्षण खात्याकडून हमखास मिळतं. जाणारी जातात, पण मामाचं गाव सगळ्यांना नसतं. तारीखवार आकडे पुढे ठेवले की हे उत्तर टिकत नाही. आम्ही आमचे आकडे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि वरून आदेश नाही म्हणाले. बरोबरच आहे, त्यांच्या हातात नाही. पण त्यांच्याकडे पोच घेतलेला कागद आहे.

दुसरा रस्ता शाळेच्या आतून जातो. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि समितीत निम्म्या बायका. आपल्या किती मोहल्ल्यांत या समितीची बैठक खरोखर होते? रजिस्टर घरी येतं, अम्मी सही करतात, झाली बैठक. तुमच्या अम्मी, खाला, भाभी त्या समितीत असतील. त्यांना हे कलम समजावून सांगा. सुट्टीत शाळेचं अंगण आणि नळ वापरू द्यावा हा ठराव समितीच करू शकते. सुट्टीतही आहार सुरू ठेवावा अशी मागणीही समितीने ठराव करून वर पाठवावी. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यात तर ती मागणी नाहीच, २०१६ च्या निकालाचा आधार घेऊन अंमलबजावणी मागायची आहे. शिक्षक नाराज होतील, सुट्टीत ड्यूटी कोण करणार म्हणतील. त्यांची बाजूही समजून घ्या, जनगणना आणि निवडणुकीने ते आधीच वैतागलेले आहेत. शिक्षकाशिवाय, समिती आणि स्वयंपाकी ताईंच्या भरवशावर हे चालू शकतं का, हे आपल्याला करून दाखवावं लागेल.

सुट्टी लागायला आता थोडेच दिवस आहेत. बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे. आपल्या गावाचं आणि शाळेचं नाव, पहिली ते आठवीची पटसंख्या, समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि शाळेत शिजवणाऱ्या बाईंशी तुमची ओळख आहे की नाही, एवढं लिहून जा. ज्यांच्याकडे यातलं काहीच नसेल त्यांनी सोमवारी शाळेत जाऊन विचारावं. शाळा अजून चालू आहे, साडेअकराला खिचडीच्या वेळी गेलात तर सगळे एकत्र भेटतील.